तीन गाठींचा दोरा

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी बत्तीस वर्षं वाळलेली झाडं कागदावर चिकटवायची नोकरी केली. कुणी विचारलं तर आमच्या घरातले लोक "सरकारी नोकरी आहे" एवढंच सांगून विषय बदलायचे. झाडं चिकटवते म्हणजे काय करते, असं पुन्हा कुणी विचारू नये म्हणून. मलाही लाज वाटायची, खोटं कशाला सांगू? मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या बोटांना खळीचा वास यायचा आणि कपड्यांना डांबरगोळ्यांचा. मी त्यांच्या शेजारी जेवायला बसायला टाळाटाळ करायची. त्यांच्या ते लक्षात आलं होतं. एक दिवस म्हणाल्या, "धाकटे, या वासाला कीड लागत नाही. जरा जवळ बसलीस तर तूही टिकशील."

मी त्यांना ताई म्हणते. त्यांचं काम आधी सांगते, म्हणजे पुढचा सगळा अन्याय नीट कळेल.

संस्थेच्या तळमजल्यावर एक लांबट खोली. दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोखंडी कपाटं आणि मधे एक टेबल. डोंगरातून आणलेली झाडं वर्तमानपत्रात दाबून, वाळवून ताईंच्या टेबलावर यायची. एका जाड कागदावर एक झाड. त्याला शीट म्हणतात. खळ लावायची, कागदाच्या बारीक पट्ट्यांनी देठ बसवायचे आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायची: कुठं सापडलं, किती उंचीवर, कधी, कुणी आणलं. झाडाचं नाव पुष्कळदा नंतर ठरतं, कधीकधी वर्षांनी. पण जागा त्याच दिवशी लिहावी लागते. झाडाला बघून नाव सांगता येतं, जागा सांगता येत नाही.

ताईंच्या हातून सगळ्यात जास्त गेली ती ऑर्किडं. तीही एकाच घराण्यातली, डोंगरातल्या घनदाट रानात झाडांच्या खोडांवर शेवाळात वाढणारी. फार चिवट जात. वर्तमानपत्रात दाबून वर दगड ठेवला तरी महिनाभर मरत नाही, आतल्या आत कळी फुलवते. म्हणून तिला आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढावं लागतं. वाळली की सगळी काळीठिक्कर. या घराण्यात नऊ प्रकार आहेत. पानं आणि खालचे फुगीर कंद बघून एकाला झाका आणि दुसऱ्याला काढा. फरक फुलात आहे, आणि फुलातही एकाच पाकळीत. ती पाकळी पुढे आलेली असते, तिला ओठ म्हणतात. कुणाच्या ओठावर दोन उभ्या रेघा उठलेल्या, कुणाच्या तीन, कुणाचा ओठ केसाळ. ताई म्हणायच्या, "सख्ख्या जावा असतात तशा आहेत गं या. नुसतं बघून सगळ्या सारख्याच. ओठ उघडले की कळतं कोण कुठली."

प्रत्येक प्रकाराची राहायची जागाही ठरलेली. ओढ्याच्या खाली पाच प्रकार, ओढ्याच्या वरच्या दाट रानात तीन. आणि नववी, जिला ताई बुटकी म्हणायच्या, ती फक्त अगदी वर, कड्यावरच्या रानात. तिथं वाऱ्यानं झाडंच माणसाच्या उंचीची राहतात आणि वर्षातले आठ महिने ढगात असतात. ओठ पांढरा, नखाएवढा, कडेला बारीक झालर.

तीन वर्षांपूर्वी त्या कड्यावर रोपवे आणि हॉटेल करायचं ठरलं. जाहीर सुनावणीची नोटीस निघाली. माझे मिस्टर तिच्याबरोबरचा बावीस पानी अहवाल घेऊन आले, कारण त्यांच्या दुकानासमोरच वाटत होते आणि फुकट मिळेल ते घरी आणायची त्यांना सवय. ताई भाजी निवडत होत्या. अहवाल चाळता चाळता त्यांचा हात थांबला.

"धाकटे, चष्मा दे."

चष्मा दिला. त्यांनी एक ओळ दोनदा वाचली, मग मला मोठ्यानं वाचायला लावली. लिहिलं होतं, कड्यावर आढळणारा दुर्मिळ ऑर्किडचा प्रकार दरीपलीकडच्या दुसऱ्या डोंगरावरही आढळतो, संस्थेतील शीट क्रमांक चार हजार एकशे सहा हा त्याचा पुरावा आहे, त्यामुळे कड्यावरील झाडे काढल्यास या प्रकाराची कायमची हानी होणार नाही. खाली सही सल्लागारांची. सल्लागार म्हणजे ताईंचे सर. ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण संस्थेतली खुर्ची काही त्यांनी सोडली नव्हती.

"खोटं आहे," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या डोंगरावर बुटकी नाही. कधीच नव्हती. ती शीट माझी आहे."

त्या संध्याकाळी त्यांनी मला सगळं सांगितलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण एका घरात राहून मला यातलं अक्षर माहीत नव्हतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या टेबलावर अकरा झाडं होती, प्रत्येकावर तिची चिठ्ठी नुसती ठेवलेली, अजून चिकटवायची होती. शिपायानं दार उघडलं, वारा आला आणि चिठ्ठ्या उडाल्या. ताईंनी गोळा केल्या. नऊ बरोबर जुळवल्या. दोन राहिल्या. दोन्ही झाडांना फूल नाही, एकाला नुसती मिटलेली कळी, दुसऱ्याला तीही नाही. एक चिठ्ठी कड्याची, एक दुसऱ्या डोंगराची. कुठली कुणाची ते कळेना. त्या तशाच उठून सरांकडे गेल्या आणि सांगितलं. सर तेव्हा तरुण होते, दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला येणार होते. म्हणाले, "लावून टाका हो बाई. कोण बघतंय?"

ताईंनी लावून टाकल्या.

चार वर्षांनी सरांनी त्यातली मिटलेली कळी भिजवून उघडली. ओठाला झालर. बुटकी! आणि चिठ्ठीवर दुसरा डोंगर. सरांनी इंग्रजीत लेख लिहिला की हा प्रकार दुसऱ्या डोंगरावर पहिल्यांदा आम्हाला सापडला. त्या लेखावर ते विभागप्रमुख झाले. ताईंना इंग्रजी वाचता येत नाही. संस्थेत पेढे वाटले, ते ताईंनीही खाल्ले, आणि कशाचे खातोय ते त्यांना माहीत नव्हतं.

माहीत झालं ते आणखी दोन वर्षांनी, चढ्यामुळे. चढ्या म्हणजे संस्थेसाठी झाडावर चढून ऑर्किडं काढून आणणारा माणूस. त्याला लिहिता वाचता येत नव्हतं. तो आणायचा, सर त्याला विचारून चिठ्ठी लिहायचे. ताईंच्या लक्षात आलं होतं की त्यानं आणलेल्या प्रत्येक झाडाच्या बुडाशी दोरा बांधलेला असतो. "कापून टाका तो कचरा," असं सर म्हणायचे. ताईंनी कधी कापला नाही, पट्टीखाली दाबून चिकटवायच्या. देठ तुटेल म्हणून, दुसरं काही नाही. एकदा त्यांनी चढ्याला सहज विचारलं.

चढ्या हसला. "बाई, मला काय लिहिता येतं? दिवसभरात तीस झाडं उतरवतो, संध्याकाळी सायबाला कुठलं कुठलं कसं सांगणार? ओढ्याखालचं असलं तर एक गाठ. ओढ्यावरचं, दोन. कड्यावरचं, तीन."

"आणि दुसऱ्या डोंगरावरचं?"

"त्याला काळा दोरा. गाठच नाही. तो डोंगर मला आवडत नाही."

ताई तशाच उठल्या आणि कपाट उघडलं. चार हजार एकशे सहा. बुडाशी पांढरा दोरा, तीन गाठी. दुसरी शीट काढली, चिठ्ठी कड्याची, बुडाशी काळा दोरा. चिठ्ठ्या उलट्या लागल्या होत्या.

त्या पुन्हा सरांकडे गेल्या. तेव्हाच त्यांना लेखाचं कळलं. सर म्हणाले, "बाई, एका अडाणी माणसाच्या सुतळीवरून मी माझं संशोधन मागं घेऊ? मुलं लहान आहेत ना तुमची? सांभाळून राहा."

"आणि मी चोवीस वर्षं सांभाळून राहिले," ताई मला म्हणाल्या. हातातली भाजीची जुडी त्यांनी अशी पिळली की पाणी गळलं. "त्याच्यावर राग आहेच. पण माझ्यावर जास्त आहे. तीन गाठी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. माझ्या चिठ्ठीवर आता ते रान कापणार."

मी रोज सकाळी देवाला हात जोडते. त्या आठवड्यात हात जोडायला गेले की मुठी वळायच्या. देवाला काय सांगू? की त्या माणसाचं वाटोळं कर? तेही सांगितलं एकदा. मग माफी मागितली.

या संग्रहात एक नियम असतो. कुठलीही जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही. नंतरच्या माणसाचं मत वेगळं पडलं, तर त्यानं आपली नवी चिठ्ठी शेजारी चिकटवायची, नाव आणि तारीख घालून. जुनी चुकीची का असेना, तीही राहते. ताईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अशा शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या. सोमवारी त्यांनी पहिल्यांदा स्वतःची लिहिली. "या शीटवरील जागेची चिठ्ठी माझ्या हातून चुकीची लागली. खरी जागा: कडा. दोऱ्याच्या तीन गाठी पाहाव्यात." खाली पूर्ण नाव, तारीख. दुसऱ्या शीटवरही तशीच एक लावली, तिथं खरी जागा दुसरा डोंगर आणि खूण काळा दोरा.

बुधवारी सरांनी त्या फाडल्या.

चिठ्ठी फाडली! त्या खोलीत असं कधी कुणी केलं नव्हतं. ताई सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज असा झाला होता की घरात कुणी तरी गेलंय असं वाटावं. खळीबरोबर खालचा कागदही सोलून निघाला होता.

"ही काय पद्धत आहे?" ताईंनी विचारलं.

"पद्धत तुम्ही मला शिकवणार?" सर म्हणाले. "बाई, तुम्ही खळ लावायची. मत लावायचं नाही."

हे वाक्य ताईंनी घरी येऊन सांगितलं आणि मी लाटणं आपटलं. दीर म्हणाले, "सात महिने राहिलेत निवृत्तीला. कशाला आगीत हात घालतेस? बुटकी काय तुझी बहीण आहे?"

"बहीण नाही," ताई म्हणाल्या. "माझ्या चुकीचं पोर आहे. आणि तुम्ही या वयात मला गप्प बस म्हणू नका. गप्प बसायचं मी सरांकडून शिकले, तुमच्याकडे शिकवणी नको."

दीर बिचारे चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले. वाईट माणूस नाही. पण घाबरट माणसाला शहाणा म्हणायची आपल्याकडे रीत पडली आहे, त्याची मला चीड येते.

पुढचे बारा दिवस ताई कामावरून घरी उशिरा यायच्या. चढ्याच्या हातची प्रत्येक शीट त्यांनी काढली आणि शाळेच्या वहीत नोंद केली: शीटचा नंबर, चिठ्ठीवरची जागा, दोरा. चढ्या तोवर वारला होता, विचारायला कुणी नव्हतं. एकूण त्रेसष्ट शीट भरल्या.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. पुढच्या रांगेत कंपनीचे लोक, सर आणि एक वकील. मागे आम्ही, आणि बरेचसे लोक पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून आलेले. अध्यक्ष एक अधिकारी बाई होत्या, चेहऱ्यावरून वाटलं की सकाळपासून वैतागल्या आहेत. आधी सर बोलले, पाऊण तास, पडद्यावर नकाशा दाखवून. दोन डोंगर, दोन्हीवर लाल ठिपके. दुसऱ्या डोंगरावर एकच ठिपका. त्या एका ठिपक्यावर सगळं हॉटेल उभं राहणार होतं.

ताईंचा नंबर आला. त्यांना माईक धरता येईना. मी शेजारी उभी राहून धरला.

"तो ठिपका मी लावलाय," ताई म्हणाल्या. "तीस वर्षांपूर्वी. चुकून. लिहून घ्या."

लोक हसले. सर उठले. "बाई आमच्या जुन्या कर्मचारी आहेत, फार प्रामाणिक. पण चिकटवण्याचं काम करतात. वय झालं की अशा आठवणींची गल्लत होते."

"गल्लत झालीच होती," ताई म्हणाल्या. "त्याच दिवशी तुम्हाला सांगितली. सहा वर्षांनी परत सांगितली. आता तिसऱ्यांदा सांगतेय, आणि या वेळी माईकवर."

आता हसू सरांवर उलटलं. अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "पुरावा आहे काही?"

ताईंनी वही उघडली. ओढ्याखालच्या चोवीस शीट, सगळ्यांना एक गाठ. ओढ्यावरच्या एकोणीस, सगळ्यांना दोन. तीन गाठींच्या अकरा, त्यातल्या दहांवर कडा लिहिलंय, एकीवर दुसरा डोंगर. काळ्या दोऱ्याच्या नऊ, त्यातल्या आठांवर दुसरा डोंगर, एकीवर कडा. "त्रेसष्टांत दोनच चुकतात. आणि त्या दोन एकमेकींच्या जागी बसल्यात."

वकील म्हणाला, "गाठी काय, आजही मारता येतात."

"या की मारायला," ताई म्हणाल्या. "तीस वर्षं खळीत वाळलेला दोरा आहे. हात लावाल तर झाड तुटेल. अध्यक्षबाईंनी आत्ता गाडी पाठवावी, मी कपाटाची किल्ली देते."

"हे गाठींचं कुणी ठरवलं होतं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"चढ्यानं. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्याचं चुकलं नाही. लिहिता येणाऱ्या आम्हा दोघांचं चुकलं. मी भित्री होते आणि हे," त्यांनी सरांकडे बोट केलं, "हे मोठे व्हायच्या घाईत होते."

सर काहीतरी इंग्रजीत बोलले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "सगळ्यांना कळेल असं बोला." सर खाली बसले.

गाडी गेली, शीट आल्या. अध्यक्षबाईंनी भिंग मागवलं. फाडलेल्या चिठ्ठीच्या जागी कागद सोललेला होता, तो त्यांनी बराच वेळ पाहिला. "हे कुणी काढलं?" असं विचारलं तेव्हा सर आपला चष्मा पुसत होते.

निकाल तिथं लागला नाही. फुलायच्या दिवसांत दुसऱ्या डोंगरावर शोध घ्यायचा, असं ठरलं. बाहेरच्या संस्थेची बारा माणसं पाच दिवस तो डोंगर पिंजून काढत होती. बुटकी नाही. मग तीच माणसं कड्यावर गेली आणि तिथं एकेचाळीस झाडांवर ती फुललेली सापडली. जगात एवढीच, एकेचाळीस झाडांवर. कड्याची परवानगी नाकारली गेली. रोपवे आता ओढ्याखाली कुठंतरी करणार म्हणतात. तिथले पाच प्रकार इतरत्र पुष्कळ आहेत, असं सांगतात. ते तरी कुणी दोरे मोजून सांगितलंय का, देव जाणे.

ताईंना बक्षीस म्हणून काय मिळालं? कारणे दाखवा नोटीस. सरकारी नमुन्यावर विनापरवाना मजकूर चिकटवला म्हणून. फाडणाऱ्याला काही नाही. निवृत्तीच्या दिवशी नारळ... छे, साधा निरोपाचा कागदही कुणी दिला नाही. किल्ली टेबलावर ठेवून त्या घरी आल्या आणि हात धुतले.

मी म्हटलं, देवानं एवढं तरी केलं, रान वाचलं, आता राग सोडू. ताईही शांत झाल्या होत्या. मग या वर्षी सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली, डोंगरातल्या ऑर्किडांचे प्रकार आणि त्यांच्या जागा, आता आपल्या भाषेतसुद्धा. ताईंनी वाचनालयातून आणली. नववा प्रकार उघडला. नकाशात दुसरा डोंगर कोरा. खाली बारीक टीप: "या प्रकाराच्या विस्ताराविषयीची जुनी नोंद चिठ्ठ्यांच्या अदलाबदलीमुळे चुकीची होती, ही बाब दोऱ्यांच्या तुलनात्मक अभ्यासातून प्रस्तुत लेखकाच्या लक्षात आली."

मला वाटलं ताई रडतील. त्या उठून उभ्याच राहिल्या.

"प्रस्तुत लेखकाच्या! अगं, शोध नेला तर नेला. मेल्यानं माझी चूकसुद्धा मला ठेवली नाही!"

"जाऊ द्या ताई," मी म्हणाले, आणि म्हणताच जीभ चावली.

"का जाऊ देऊ? बत्तीस वर्षांत माझ्या नावावर त्या संस्थेत एकच गोष्ट होती, तीही चूक. माझी आहे ती. चढ्याचे दोरे आहेत ते. नाव घालायला जागा नव्हती? तुलनात्मक अभ्यास म्हणे! कचरा म्हणत होता कापून टाकायचा!"

त्याच दुपारी त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहिलं. चिठ्ठ्या माझ्या हातून बदलल्या, गाठी चढ्यानं मारल्या, लेखकानं दोनदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे तिन्ही छापा. उत्तर आलं नाही. पुढच्या सोमवारी तेच पत्र पुन्हा, तारीख बदलून. दीर म्हणाले, पोस्टमन आता आपल्याला सलाम करायला लागेल. ताईंनी त्यांना पाकिटं चिकटवायला बसवलं, आणि ते बसले.

आजवर एकवीस पत्रं गेली. बाविसावं काल टाकलं. त्यावर माझीही सही आहे.